चाकांचा आकार बदलल्यावर टायरमध्ये हवा किती ठेवावी?

आपण लिहिले आहे की गाडीला मूळचे १६५/८० आर १४ मापाचे (१६५ मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिंग १४ इंची), ८५ भार निर्देशांकाचे (एक टायर किती वजन पेलतो ते सांगणारा अंक) टायर होते, आता १६ इंची अलॉयवर १९५/५० आर १६ मापाचे, ८४ निर्देशांकाचे टायर बसवले आहेत. दारावरच्या स्टिकरवर ३२ पीएसआय आहे, टायरवर ५१ छापलेले आहे आणि दुकानदार ४० भरायला सांगतो. माझ्या मते या तिन्ही आकड्यांपैकी एकही जसाच्या तसा घेऊ नये.

५१ ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. ३२ हा आकडा खरा आहे, पण तो जुन्या मापासाठीचा आहे. गाडीचे वजन मुख्यतः टायरमध्ये कोंडलेली हवा पेलते, म्हणून रिंग किती इंची आहे यापेक्षा त्या टायरची भार पेलण्याची क्षमता किती आहे, हे आधी पाहावे लागते. निर्देशांक ८५ म्हणजे ५१५ किलो आणि ८४ म्हणजे ५०० किलो. युरोपीय मानकानुसार साध्या टायरला ही पूर्ण क्षमता २५० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ३६ पीएसआय दाबाला मिळते. त्या हिशेबाने जुना टायर ३२ वर साधारण ४७० किलो पेलत होता आणि तेवढेच वजन पेलण्यासाठी नव्या टायरला ३३ ते ३४ लागतात. टायरवर ‘एक्स्ट्रा लोड’ (जादा भारासाठी मजबूत केलेला टायर) असे लिहिलेले असेल तर हिशेब बदलतो, कारण त्याची पूर्ण क्षमता ४२ पीएसआयला मिळते. म्हणजे निर्देशांक तोच असला तरी त्याला साध्या टायरपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त द्यावे लागतात. उलट नव्या टायरचा निर्देशांक जुन्यापेक्षा मोठा असता, तर गणिताने दाब कमी निघाला असता. तरीही मी स्टिकरच्या खाली गेलो नसतो.

याचे कारण आपले रस्ते आहेत. आपल्या जुन्या टायरच्या भिंतीची उंची १३२ मिलिमीटर होती, नव्याची जेमतेम ९८ आहे. मी स्वतः १५ इंची चाके बसवल्यावर पहिल्या पावसाळ्यात अंदाजाने २८ वर गाडी चालवली आणि हातखंब्याच्या पुढे पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढच्या टायरच्या भिंतीतले धागे तुटून तिथे फुगवटा आला. भिंत बुटकी असताना दाबही कमी असेल, तर खड्ड्याचा मार थेट रिंगेपर्यंत पोहोचतो. शिवाय दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो आणि रुंद टायरला हा धोका अधिक असतो. मात्र थेट ४० भरले तर टायर मधोमध लवकर झिजतो आणि ओल्या घाटात पकड कमी होते.

तेव्हा टायर साधे असतील तर रोजच्या वापरासाठी ३४ ठेवावेत. गणपतीला पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन निघताना, किंवा आंब्याच्या पेट्या भरल्यावर, मागच्या चाकांत ३६ भरावेत. हवा थंड टायरमध्येच मोजावी, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी. अर्धा तास चालल्यावर दाब तीन-चार पीएसआयने वाढतो, ती वाढलेली हवा काढू नये. ती सहा-सातने वाढली तर मुळात हवा कमी होती असे समजावे. आपल्याकडच्या लोकांच्या सहसा लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट अशी की कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे ३४ मोजून भरलेली हवा आंबा घाट उतरून रत्नागिरीत आल्यावर, तापमान तेच धरले तरी, ३३ दाखवते, कारण खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो. त्यामुळे स्वतःचा गेज बाळगून घरीच सकाळी मोजणे उत्तम.

शेवटी मापाबद्दल. १९५/५० आर १६ चा एकूण व्यास सुमारे ६०१ मिलिमीटर भरतो आणि मूळचा ६२० होता, त्यामुळे गाडी त्या फरकाच्या निम्मी, म्हणजे सुमारे नऊ मिलिमीटर खाली बसली आहे आणि स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा सुमारे तीन टक्के जास्त वेग दाखवत आहे. त्याच रिंगेवर १९५/५५ आर १६ (निर्देशांक ८७) घेतले असते, तर व्यास ६२१ झाला असता, भिंत दहा मिलिमीटर उंच मिळाली असती आणि भारक्षमताही मूळपेक्षा जास्त राहिली असती. टायर अजून फारसे चाललेले नसतील तर दुकानदाराला बदलून देण्याविषयी जरूर विचारावे. मात्र चाक पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.