एकच तर सुट्टी मिळते!

"मॅडम, हप्त्यातून एकच तर सुट्टी मिळते. तीही भांडणात जाते. आम्हाला सोबत राहताच येत नाही का?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला नवा नाही. विचारणारे गृहस्थ बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला, घर नागपूरच्या महाल भागात. बायको शिकवण्या घेते, दोन मुलं, सोबत आई. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

मी म्हटलं, मागचा रविवार सकाळपासून सांगा. त्यांनी भराभर सांगितलं: दुपारी मॉल, संध्याकाळी फुटाळा तलाव, तिथेच वाजलं. मध्येच अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा पार्किंग शोधून राहिले होते ना, तेव्हाच सुरू झालं." बायको गप्प होती. तिला वेगळं विचारलं तेव्हा कळलं, की तिचा रविवार पहाटे साडेपाचला सुरू होतो. डबे नसतात, पण नाश्ता, आजींचं पथ्याचं, दुपारी 'आज काहीतरी स्पेशल', आणि मग सगळ्यांना तयार करून बाहेर काढणं. दाराला कुलूप लागेपर्यंत ती थकलेली असायची. नवऱ्याला वाटायचं, एवढं फिरवतो तरी हिचं तोंड वाकडंच.

इथे माझीही एक चूक झाली. मी सुचवलं, रविवारी मोबाईल कपाटात ठेवा. ठेवले. गृहस्थ दिवसभर घड्याळ बघत बसले आणि मुलगा 'आता काय करू' म्हणत सगळ्यांच्या मागे लागला. आनंदाच्या कार्यक्रमात मी आणखी एक नियम घातला होता, दुसरं काय!

पुढच्या वेळी दोनच गोष्टी ठरवल्या. सकाळी घरात गॅस पेटवायचा नाही, आणि गाडी काढायची नाही. मुलगा कंटाळला तर कंटाळू द्यायचा, त्याची सोय लावत बसायचं नाही. कंटाळलेलं पोरगं थोड्या वेळानं स्वतःच काहीतरी शोधतं, हे मी खूप घरांत पाहिलंय. आईबापांना तेवढा धीर धरवत नाही, एवढंच.

तीन आठवड्यांनी पाचही जण आले. आधी आजीच बोलल्या. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात सगळे रमतगमत गांधीसागरपर्यंत पायी गेले होते. आजी त्याला अजून शुक्रवारी तलावच म्हणतात. दर दहा पावलांवर त्या थांबायच्या: इथे अमक्याचा वाडा होता, इथे तुझा बाप सायकलवरून पडला होता. हनुवटीवरची ती खूण कशाची हे नातवाला तेव्हा कळलं. मग काय, त्यानं बापाला जागेवर नेऊन 'पडून दाखवा' म्हणून धरलं. समोरच्या रमण विज्ञान केंद्रात जायचं का, असं बापानं विचारलंही. सवयच ती. मुलगी म्हणाली, "नको, बसू ना इथेच." गृहस्थ बाकावर बसल्या बसल्या झोपले.

तासभर तिथेच गेला. भांडण? "झालं ना," मुलगा म्हणाला, "शेवटच्या चण्यांवरून."

बायकोला मी विचारलं, तुमचा दिवस कसा गेला? तिनं क्षणभर विचार केला.

"तर्री पोहे गरम खाल्ले, मॅडम. बसून."