पीस उचलण्याआधी

सोलापूर

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. सोलापुरात वाढलेल्या मुलीला माळढोक या पक्ष्याच्या जनुकीय वैविध्यावर काम करावेसे वाटावे, हे मला आवडले. नमुने कुठून घ्यायचे, डीएनए कसा वेगळा करायचा, हे तू बारकाईने मांडले आहेस. मात्र निकाल हाती आल्यावर वनखात्याने आजच्यापेक्षा वेगळे काय करावे, याबद्दल पंधरा पानांत एकही वाक्य नाही. कोणता निर्णय तुझ्या आकड्यावर अडून राहिला आहे, हे आधी ठरव आणि मगच पिसाला हात लाव.

सोलापूरजवळचे नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते. गावे, शेते, रस्ते सगळेच त्यात आल्याने लोकांची नाराजी ओढवली आणि पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. आज तिथे कुसळीच्या गवतात काळवीट दिसते, कधी लांडगाही दिसतो. जुनी मंडळी ज्याला हूम म्हणत, तो माळढोक मात्र नशिबात असेल तरच दिसतो. उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेरकडे आहेत आणि देशभरातले मिळूनही ते दीडशेच्या आतबाहेरच भरतात. तेव्हा आपल्या दृष्टीने खरा प्रश्न असा, की राजस्थानातील प्रजनन केंद्रात वाढलेली पिल्ले उद्या इकडे सोडायची वेळ आली, तर दख्खनचा माळढोक इतका निराळा आहे का, की तसे करणे चूक ठरावे?

याचे अर्धे उत्तर आपल्याकडे आहे. पाच राज्यांतील 63 नमुन्यांवर झालेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मायटोकाँड्रियल, म्हणजे पेशीकेंद्राबाहेरच्या, डीएनएमध्ये वैविध्य अत्यंत कमी आढळले आणि प्रदेशाप्रदेशांत ठळक फरक दिसला नाही. ‘आमचा पक्षी वेगळा, तो वेगळाच राहू द्या’ या भावनेला त्यात फारसा आधार सापडत नाही. पण मायटोकाँड्रियल डीएनए केवळ आईकडून येतो. नरांच्या येण्याजाण्याबद्दल तो मुका असतो. उरलेले अर्धे उत्तर पेशीकेंद्रातील डीएनएत आहे, आणि तुझ्या कामाला जागा आहे ती तिथे.

दुसरी गोष्ट मोजणीची. समज, एका माळावर 2 नर आणि 20 माद्या यांचीच वीण झाली. नर आणि माद्या यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला दोहोंच्या बेरजेने भागले, की प्रभावी संख्या मिळते: 160 भागिले 22, म्हणजे साधारण 7. डोळ्यांना 22 पक्षी दिसतात, पण वैविध्य मात्र सातच पक्षी असल्यासारखे, दर पिढीला सुमारे 7 टक्क्यांनी झिजते. माळढोकाचा नर पावसाळ्यात उंचवट्यावर उभा राहून, गळ्याची पिशवी फुगवून हुंकार देतो, आणि थोडेच नर बहुतेक माद्यांशी जुगतात. त्यामुळे हा हिशेब त्याला फार लागू पडतो. मादी बहुधा एकच अंडे घालते, म्हणजे झीज भरून काढायलाही वेळ लागतो. प्रजनन केंद्रातही हाच पेच आहे. रानातून उचललेल्या अंड्यांचे आईबाप कोणी पाहिलेले नसतात, म्हणून कोण कोणाची भावंडे आणि कोणाची जोडी लावू नये, हे डीएनएलाच विचारावे लागते.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील प्रेअरी चिकन या गवताळ रानातील पक्ष्याचा दाखला मी नेहमी देतो. 1930 च्या दशकात त्याची 90 टक्क्यांहून अधिक अंडी उबत, 1990 च्या सुमारास जेमतेम निम्मी. गवत राखूनही पक्षी सावरेना. संग्रहालयातील जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा पूर्वीचे वैविध्य हरवल्याचे दिसले. 1992 पासून मिनेसोटा, कॅन्सस आणि नेब्रास्का या राज्यांतून 271 पक्षी आणून सोडले आणि अंडी पुन्हा उबू लागली. आजचा आकडा एकटा काही बोलत नाही. कालचा आकडा शेजारी ठेवावा लागतो. म्हणून जुन्या संग्रहातील कातड्यांच्या तळपायाचा कणभर तुकडा मागण्याची तजवीज आराखड्यात असू दे.

तरीही इलिनॉयचा धडा इकडे जसाच्या तसा उतरवू नकोस. आपला पक्षी जड, समोरचे त्याला कमी दिसते, आणि विजेच्या तारेला धडकून तो मरतो. तार तशीच ठेवून जनुके मिसळत बसणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे आहे, आणि हे अहवालात स्पष्ट लिहायला कचरू नकोस.

आता हातकामाबद्दल. माळढोक वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला आहे. त्याचे गळालेले पीसही लेखी परवानगीशिवाय उचलायचे नाही. परवानगीला महिने लागतील, तोवर खाटकाकडून कोंबडीची पिसे आणून हात बसव. पिसाच्या दांडीत, जिथे पाते सुरू होते त्या बारीक छिद्रापाशी, वाळलेल्या रक्ताचा ठिपका असतो; टोकापेक्षा डीएनए तिथे बरा मिळतो. लिंग ओळखायला सीएचडी या जनुकाची चाचणी पुरते: तीत मादीच्या डीएनएच्या दोन पट्ट्या उमटतात, नराची एक.

शिकाऊ असताना मी एका बाभळीखालची सात पिसे सात पक्ष्यांची म्हणून वहीत मांडली होती. ती एकाच मादीची निघाली, आणि हे कळले तेही चार पिसांवरून. उरलेली तीन मी भर आषाढात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली होती आणि त्यांना बुरशी आली होती. कागदी पाकीट घे, आत सिलिका जेलची पुडी टाक आणि प्रत्येक पीस स्वतंत्र ठेव. पाकिटावर पेन्सिलीनेच लिही, कारण स्पिरिटचा थेंब पडला की शाई जाते.

तुझा,
सर