वाचक विचारतात: बूथवर अडलं तर काय करायचं?

मागच्या अंकात मतदानाच्या दिवसाबद्दल काही शंका असतील तर पाठवा असं म्हटलं होतं, तर खूप पत्रं आली. बरेचसे प्रश्न सारखेच आहेत म्हणून एकत्र घेतलेत. मी शिक्षिका होते, इलेक्शन ड्युटी बऱ्याचदा लागली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते मला माहितीये. मत न देता परत जाणारी माणसं बघून फार वाईट वाटायचं, कारण त्यातल्या कितीतरी जणांसाठी तिथल्या तिथे मार्ग होता, फक्त त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

माझं व्होटर कार्ड गावी राहिलंय. आधारवर मत देता येईल का? घरी आलेली चिठ्ठी चालते का? (पुणे)

आधार चालतं. पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं यूडीआयडी हे पण चालतं. पण नुसती चिठ्ठी ओळखपत्र म्हणून 2019 पासून चालत नाही, ती फक्त यादीत नाव पटकन सापडावं म्हणून असते. आणि डिजिलॉकरमधून मोबाईलवर दाखवू असं ठरवून जाऊ नका, मोबाईल आत नेऊच देत नाहीत, मूळ कार्ड खिशात ठेवा. नावात काना-मात्रेची चूक असेल तर घाबरायचं कारण नाही, ओळख पटली की झालं.

मागच्या वेळी यादीत नावच नव्हतं. आता व्हॉट्सअपवर मेसेज आलाय की नाव नसलं तरी कलम 49अ खाली आधार दाखवून 'चॅलेंज व्होट' मागायचं, ते देतातच. खरं आहे का? (ठाणे)

अजिबात खरं नाही, आणि हा मेसेज दर निवडणुकीला नव्याने फिरतो. नियम 49अ मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे, त्याचा तुमच्या नावाशी काही संबंध नाही. चॅलेंज म्हणजे आक्षेप घेणं, आणि तो तुम्ही नाही तर पोलिंग एजंट म्हणजे बूथवर बसलेला उमेदवाराचा माणूस घेतो, मत द्यायला आलेला माणूस यादीतला तो मतदार नाहीच असं त्याला वाटलं तर दोन रुपये भरून, मग केंद्राध्यक्ष चौकशी करतात. यादीत नाव नाही तर मत नाही, व्होटर कार्ड हातात असलं तरी नाही, आणि त्या दिवशी आधार दाखवून नाव चढवता येत नाही.

म्हणून मनापासून सांगते, निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. आत्ताच निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर नाहीतर अ‍ॅपवर नाव शोधा, जमत नसेल तर 1950 ला फोन करा. नाव नसेल तर फॉर्म 6, पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींनी तर नक्की बघा, माहेरी नाव तसंच राहतं आणि सासरी चढलेलं नसतं, आणि दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्याने चालत नाही. नाव सापडलं की यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून ठेवा, बूथ त्याच शाळेत असला तरी खोली बदललेली असू शकते आणि चुकीच्या खोलीत 'नाव नाही' ऐकून लोक घरी निघून जातात.

अजून एक. नाव छापील यादीत आहे पण बूथवर सांगतात की तुम्ही गैरहजर किंवा स्थलांतरित म्हणून वेगळ्या यादीत आहात, तर परत फिरू नका. ती यादी बोगस मतदान रोखायला असते, मूळ ओळखपत्र दाखवा, केंद्राध्यक्ष खात्री करतील, सहीबरोबर अंगठा घेतील, तुम्ही मत देऊ शकता. मूळ यादीतूनच नाव वगळलेलं असेल तर मात्र इलाज नाही.

मी गेले तर सांगितलं 'तुमचं मत झालंय'. बोटाला शाई नाही, काही नाही. मी रडत घरी आले. काय करायला हवं होतं? (सोलापूर)

ताई, तुमचं पत्र वाचून जीव तुटला. तुम्हाला मत देता आलं असतं. निवडणूक नियमांमध्ये 49पी नावाचा नियम आहे, त्याला प्रदत्त मत म्हणतात, बूथवर सगळे 'टेंडर व्होट'च म्हणतात. केंद्राध्यक्षांना सरळ सांगायचं, 'माझ्या नावावर दुसऱ्याने मत दिलंय, मला टेंडर व्होट द्या.' ते ओळखीबद्दल प्रश्न विचारतात, उत्तरं पटली की एका फॉर्मवर सही घेऊन कागदी मतपत्रिका देतात. तुम्ही आडोशाला जाऊन खूण करायची, घडी घालून त्यांच्याच हातात द्यायची, ते ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. मशीनवर मत देता येत नाही.

खरं ते सांगायलाच हवं, ही मतं नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, कोर्टाने सांगितलं तरच उघडतात. तरी द्याच. 2024 च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल 48 मतांनी लागला आणि नंतर टेंडर व्होटचा मुद्दा हायकोर्टात गेला होता. तुमच्या नावावर कोणीतरी चोरी केली याची लेखी नोंद तिथे राहते, आणि गप्प घरी आलं तर ती चोरी झालीच नाही असं होतं. '14 टक्के टेंडर व्होट झाली की फेरमतदान' असंही वरच्या ठाण्याच्या पत्रातला तो व्हॉट्सअप मेसेज म्हणतो, तसा कुठलाही नियम नाही.

वडील 79 वर्षांचे, मोतीबिंदूमुळे दिसत नाही. घरून मत देता येईल का? (सातारा)

वयावर नाही, कारण लोकसभा-विधानसभेला घरून मतदान 85 च्या पुढच्यांना आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट असलेल्यांना मिळतं, तेही 12डी फॉर्म वेळेत भरला तर. वडिलांना बूथवरच न्या, सकाळी लवकर न्या, ज्येष्ठांना रांगेत आधी सोडतात. बटण दिसतच नसेल तर 18 वर्षांवरचा सोबती आत जाऊ शकतो, त्याला गुप्तता पाळायचं लिहून द्यावं लागतं आणि एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. पण वडिलांना दिसत असेल आणि नुसते गुडघे दुखत असतील तर मशीनपर्यंत हात धरा, बटण त्यांनाच दाबू द्या. आणि कुठल्या उमेदवाराची रिक्षा फुकट न्यायला आली तर बसू नका, मतदारांना असं वाहन पुरवणं कायद्याने गुन्हा आहे.

महापालिकेला चार बटणं दाबायची म्हणतात, एकच दाबलं तर? (नाशिक)

मुंबईत एका वॉर्डात एकच नगरसेवक, म्हणून तिथे एक मत. नाशिक, पुणे, ठाण्यासारख्या ठिकाणी प्रभागात साधारण चार जागा असतात, अ, ब, क, ड, आणि प्रत्येक जागेसाठी एक मत द्यायचं असतं. एकच दाबून निघालात तर मतदान पूर्ण होत नाही, अधिकारी परत बोलावतात. एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचा नोटा दाबा. सगळी मतं झाली की लांब बीप वाजतो, तो ऐकूनच बाहेर या. लोकसभा-विधानसभेला शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्रात सात सेकंद तुमच्या मताची छापील चिठ्ठी दिसते, ती नीट बघा, महापालिकेला ती नसते. उमेदवारांची यादी घरीच वाचून जा, मशीनसमोर चार-चार नावं शोधताना माणूस गोंधळतो.

चाकणला शिफ्ट आहे, सुटून बूथवर पोचायला पावणेसहा होतात. सुट्टी मिळेल का, आणि सहाला दार बंद करतात का? (खेड)

दादा, लोकसभा-विधानसभेला खाजगी कंपनीतही मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा हक्क आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135ब, रोजंदारीवाल्यांनाही लागू. ज्यांच्या जाण्याने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशी कामं वगळलीत, पण तिथेही काही तासांची सवलत मागा, आणि आधीच लेखी मागा. सहाचं म्हणाल तर सहा वाजता जे रांगेत उभे असतील त्या सगळ्यांना मत देता येतं, मग आठ वाजू देत. केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतात, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे येतात, म्हणजे नंतर मागे कोणी घुसू नये. महापालिकेला मात्र वेळ साडेपाचपर्यंतच असते, तेव्हा पावणेसहाला जाऊन उपयोग नाही, त्या दिवशी सकाळी साडेसातला पहिलं मतदान आणि मग कामावर.