पिन ड्रायव्हरची देखभाल हाती घेताना

प्रिय मित्रा,

पिन ड्रायव्हर, म्हणजे चिपच्या पिना चालवणारे प्रोग्राम, सांभाळायचे आहेत ना, मग आधी लिनक्स कर्नलमधला बीसीएम२८३५ चा, म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पहिल्या आवृत्तीतल्या चिपचा, पिनकंट्रोल ड्रायव्हर उघडून बस. फाइल फार मोठी नाही, पण या कामातल्या बऱ्याच खोड्या तिच्यात एकत्र भेटतात.

या चिपला ५४ जीपीआयओ पिना, म्हणजे इनपुट, आउटपुट किंवा आणखी कामाला लावता येणाऱ्या. कोणती पिन काय काम करणार हे फंक्शन सिलेक्ट रजिस्टरात, म्हणजे चिपमधल्या बिटांच्या छोट्या खणात, ठरतं: दर पिनेला ३ बिट, एका रजिस्टरात १० पिना. म्हणजे एक पिन बदलायची तरी शेजारच्या नऊ जणींचे बिट वाचून जसेच्या तसे परत लिहावे लागतात. हाच ड्रायव्हर वापरणाऱ्या पुढच्या चिपांवर प्रोसेसरच्या दोन कोअरनी हे एकाच वेळी केलं की एकाचा बदल दुसरा पुसतो, आणि बिघाड दिसतो भलत्याच पिनेवर. वाचण्यापासून लिहिण्यापर्यंतचा सगळा पल्ला स्पिनलॉकखाली, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाखाली, हवा. पिन हाय-लो करायला मात्र सेट आणि क्लिअर अशी वेगळी रजिस्टरं आहेत. ज्या बिटावर १ लिहिला तीच पिन हलते, तिथे लॉकचं काम नाही. एकसारखं दिसावं म्हणून तिथेही लॉक घालणारा पॅच (कुणी सुचवलेला कोडबदल) आला तर परत पाठव.

पिन आउटपुट करताना आधी किंमत लिही, मग दिशा बदल. उलट केलं तर पिन क्षणभर जुनीच किंमत बाहेर टाकते. पलीकडे रिले किंवा कुणाची रीसेटची तार असेल तर तेवढा क्षण पुरतो. एका पर्यायी फंक्शनवरून (साध्या इनपुट-आउटपुटपलीकडच्या कामावरून) दुसऱ्यावर जातानाही हा ड्रायव्हर थेट उडी मारत नाही, मध्ये पिन एकदा इनपुट करतो. ती ओळ वरवर फालतू वाटते, म्हणूनच साफसफाईच्या नावाखाली ती उडवली जाण्याची भीती जास्त.

खरी गंमत पुलअप-पुलडाउनमध्ये, म्हणजे मोकळ्या पिनेला हलकेच १ कडे किंवा ० कडे ओढून ठेवण्यात, आहे. बीसीएम२८३५ वर आधी पुलच्या रजिस्टरात किंमत लिहायची, १५० सायकल थांबायचं, त्या पिनेचा क्लॉक बिट लावायचा, पुन्हा १५० सायकल थांबायचं, मग बिट काढायचा. सायकल कुठल्या घड्याळाच्या, हे डेटाशीट सांगतच नाही! ड्रायव्हर १ मायक्रोसेकंद थांबतो. २५० मेगाहर्ट्झच्या घड्याळानं १५० सायकल म्हणजे ०.६ मायक्रोसेकंद, म्हणून तेवढं पुरतं. हे कारण कोडशेजारच्या कॉमेंटमध्ये लिहिलेलं आहे. तुझ्या ड्रायव्हरमध्येही प्रत्येक थांब्याचं कारण असंच लिहून ठेव, नाहीतर पुढचा माणूस आकडा बदलायला घाबरेल किंवा बिनदिक्कत बदलेल.

रास्पबेरी पाय ४ च्या बीसीएम२७११ चिपमध्ये ही कसरत गेली: दर पिनेला २ बिट, एका रजिस्टरात १६ पिना, थेट लिहायचं. पण जुन्या चिपवर १ म्हणजे पुलडाउन आणि २ म्हणजे पुलअप, तर नव्या चिपवर नेमकं उलटं. दोन्ही चिपा एकाच फाइलमध्ये. रूपांतर विसरलं तर ग्राउंडला जोडलेलं बटण न दाबताच दाबलेलं दिसतं, आणि कंपायलर अवाक्षर काढत नाही. म्हणून पुलला हात लावणारा पॅच दोन्ही बोर्डांवर तपासल्याशिवाय घ्यायचा नाही. तपासणी दोन मिनिटांची: पिन मोकळी ठेव, पुलअप मागून वाच, १ यायला हवा, पुलडाउन मागून वाच, ० यायला हवा. पिन कुणाच्या ताब्यात आहे ते डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली स्थिती दाखवणाऱ्या फाइलव्यवस्थेतल्या) पिनकंट्रोलच्या फोल्डरात दिसतं. जुन्या चिपवर लावलेला पुल मात्र हार्डवेअरमधून परत वाचता येत नाही.

डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, पुल सांगायची चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमची जुनी पद्धत आहे आणि नंतर आलेली सर्वसामान्यही. ड्रायव्हर दोन्ही वाचतो. जुनी काढायची नाही: कुणाच्या तरी कपाटातल्या बोर्डावर जुनीच डीटीबी (डिव्हाइस ट्रीची तयार बायनरी फाइल) असते, आणि नव्या कर्नलवर ती चाललीच पाहिजे.

दुरुस्तीच्या पॅचमध्ये फिक्सेसची ओळ घालायला लाव: चूक ज्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) शिरली त्याच्या हॅशची, म्हणजे ओळखखुणेची, पहिली १२ अक्षरं आणि शीर्षक. स्थिर शाखा, म्हणजे दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या आधीच्या आवृत्त्या, सांभाळणारे तिच्यावरून ठरवतात की दुरुस्ती किती मागे न्यायची.