अंथरुणावरचे काम आणि मांडीवरचे डाग

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका गावात राहते. वय 41. बारा वर्षांपासून आमवात आहे, त्यात सात वर्षांपासून मधुमेहाची भर पडली आहे. दिवसातला बराच वेळ बाजेवर जातो. तिथेच मांडीवर वाकळेची घडी आणि तिच्यावर लॅपटॉप ठेवून रोज चार-पाच तास एका दुकानाचे हिशेब लिहिते. दोन महिन्यांपासून उजव्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग दिसतात. ते दुखत नाहीत, खाजतही नाहीत. घरचे म्हणतात, हे काम सोड. ते मला जमणार नाही. काय करावे?

उत्तर : ताई, काम सोडू नका, लॅपटॉप मात्र आजच मांडीवरून खाली उतरवा. तुम्ही वर्णन केलेले डाग बहुधा उष्णतेचे आहेत. कातडी भाजेल इतकी नव्हे, पण साधारण 43 ते 47 अंशांची ऊब एकाच जागी आठवडेन् आठवडे मिळत राहिली, की त्वचेत असे जाळे उमटते. पूर्वी ते चुलीपुढे तासन् तास बसणाऱ्या बायकांच्या नडग्यांवर दिसे, आणि काश्मिरात फिरनखाली, म्हणजे लांब सैल झग्याखाली, कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर ते आजही दिसते. ऊब वेळीच थांबली तर बहुतेक डाग काही महिन्यांत फिके होतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर क्वचित त्याच जागी त्वचेचा कर्करोगही होतो.

मला खरी काळजी वाटते ती ‘दुखत नाहीत’ या तुमच्या शब्दांची. असे डाग एरवीही फारसे दुखत नाहीत, परंतु मधुमेहात नसा बधिर झाल्या असतील तर चटका बसलेलाही कळत नाही, म्हणून तळपायांची व मांड्यांची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि त्या मांडीला गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही देऊ नका.

वाकळेने मांडीचे रक्षण होते असे वाटणे साहजिक आहे. पण बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा ओढतात. जुन्या लुगड्यांचे ते थर जाळी बुजवतात, आतला पंखा घरघरू लागतो आणि यंत्र व मांडी दोन्ही तापत जातात. आपल्याकडे मे महिन्यात 42 अंशांची हवाच आत जाते, त्यामुळे उन्हाळ्यात जड काम सकाळी उरकावे.

गावच्या सुताराकडून प्लायवूडचा एक चौरंग करून घ्या, ज्याचे पाय तुमच्या दोन्ही मांड्यांच्या बाहेर टेकतील आणि पोटऱ्यांवर भार येणार नाही. बाजेची नवार सैल असेल तर चौरंग कलंडतो. गादीखाली एक सपाट फळी सरकवावी. लॅपटॉप चौरंगावर, पडदा डोळ्यांच्या जवळपास उंचीवर येईल असा उचलून ठेवावा आणि हलका वेगळा कीबोर्ड मांडीवर घ्यावा. आमवातात मानेचे वरचे सांधे ढिले होऊ शकतात, म्हणून तासन् तास मान खाली घालून बसणे तुमच्यासाठी नुसत्या अवघडण्याची गोष्ट नाही. मान वाकवताना पाठीतून वीज चमकल्यासारखे झाले किंवा हात बधिर होऊ लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

अर्धवट रेलून बसल्यावर अंग खाली घसरते आणि माकडहाडावरची कातडी ताणली जाते. गुडघ्यांखाली उशी ठेवावी, अर्ध्या तासाने थोडे हलावे, आणि आंघोळीच्या वेळी ती जागा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे.

चार्जर अंथरुणात किंवा उशीखाली नको, स्टुलावर उघडा राहू द्या. प्लग तीन पिनांचा आणि घरातले अर्थिंग चालू असावे. धातूच्या कडेला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलवा. लॅपटॉपचे तळ फुगल्यासारखे दिसले तर बॅटरी बिघडली आहे. त्याच क्षणी वापर व चार्जिंग बंद करा.

डागांचा दर आठवड्याला, त्याच खिडकीच्या उजेडात एक फोटो काढून ठेवा आणि तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मधल्या काळात डागांवर फोड, न भरणारी जखम किंवा जाड, खडबडीत पापुद्रा दिसला, तर आठवडा पूर्ण होण्याची वाट पाहू नका.