सीआरपी नॉर्मल, मग डोळ्यात दाह कुठून आला?

रामबागेतले काका, वय ६४, वीजखात्यातून निवृत्त. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) डॉक्टरांकडून निघाले ते थेट माझ्या खोलीत, आणि उभ्याउभ्याच विचारलं, “ताई, खरं सांगा, डोळ्यात इन्फेक्शन झालंय ना?”

कागदावर ‘इन्फ्लमेशन’, म्हणजे दाह, लिहिलं होतं. सूनबाई साडीच्या दुकानाच्या पिशवीतून ओसीटीचे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनचे, कागद काढत होत्या. त्यात एक वेगळाच रिपोर्ट निघाला, सीआरपीचा, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा. काकांनी स्वतःच लॅबमध्ये जाऊन करवून घेतलेला. नॉर्मल. “रक्त साफ आहे, मग डोळ्यातच कसं?”

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, मॅक्युलावर, सूज आलेली. दर महिन्याला एक अशी पाच इंजेक्शनं झाली. जाडी ४८० मायक्रॉनवरून ४३५ वर आली आणि तिथेच अडली. म्हणून डॉक्टरांनी आता स्टेरॉइडचं इम्प्लांट सुचवलं होतं.

असे घाबरलेले पेशंट मला नेहमी भेटतात, आणि घोळ बहुतेकदा शब्दाचाच असतो. इन्फेक्शनला जंतू लागतात, दाहाला लागत नाहीत. साखरेने पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या की तिथे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन वाढतं आणि वाहिन्या पाझरतात. काकांची पाच इंजेक्शनं याच्यावरच होती. पण आयएल-६, आयएल-८, एमसीपी-१ ही दाहाची रसायनंही तिथे वाढतात, आणि त्यांना ही इंजेक्शनं फारशी आवरत नाहीत. स्टेरॉइड आवरतं. ही रसायनं बरीचशी डोळ्यातच तयार होतात, त्यामुळे दंडातून काढलेलं रक्त त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. मोजायची तर डोळ्यातलं थेंबभर पाणी सुईने काढावं लागतं; ते संशोधनात करतात, रोजच्या ओपीडीत नाही. ओपीडीत अंदाज बांधतात ओसीटीवरून. काकांच्याच कागदावर मी बोट ठेवलं: हे बारीक चमकते ठिपके, ही पडद्याखाली साठलेल्या पाण्याची काळी पट्टी. दाहाचा संशय येतो तो यावरून. पक्का पुरावा नव्हे, हेही सांगितलं.

काकांनी चष्मा वर सरकवून कागद नीट पाहिला. “म्हणजे सप्लाय दोन फीडरवरून आहे. तुम्ही एकच बंद केलात.”

इतक्या वर्षांत मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

मग स्टेरॉइडची भीती. ०.७ मिलिग्रॅमची बारीक कांडी, डोळ्यातच विरघळते, असर साधारण तीन-चार महिने. गोळ्यांसारखी ती साखर सहसा चढवत नाही. मोतीबिंदू वाढवते, पण काकांचं ते ऑपरेशन झालेलं. डोळ्याचं प्रेशर मात्र वाढू शकतं, म्हणून तारखा चुकवायच्या नाहीत.

“पण इंजेक्शनांनीच तर दाह झाला नसेल?” सूनबाईंचा प्रश्न रास्त होता. क्वचित तसं होतं, पण त्याची चाल वेगळी: सुईनंतर काही दिवसांत डोळा दुखतो, लाल होतो, नजर झपाट्याने धूसर होते. तेव्हा सकाळची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. जंतूंचं इन्फेक्शन झालं तरी सुरुवात अशीच असते. त्यांनी ते फाइलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

“आणि एचबीएवनसी?” मी विचारलं. गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट. काका पिशवी चाचपू लागले.

“बाबा, तो फ्रिजवर आहे,” सूनबाई म्हणाल्या. “नऊ पॉइंट दोन. तुम्हीच म्हणालात, तो राहू दे.”