वाचकांचे प्रश्न : रात्रपाळी, झोप आणि पेशींमधलं घड्याळ

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझी पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येतो तेव्हा डोळे मिटत असतात, पण दहा-साडेदहालाच टक्क जाग येते. झोपेची गोळी सुरू करावी का? – एक कामगार, नागपूर

उत्तर : गोळीआधी उजेडाचा बंदोबस्त करा. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचतं आणि झोपेचा ताण वाढतो. सकाळी सातला तो तुमच्यात भरपूर असतो, म्हणून झोप लगेच लागते. तीन तासांत त्यातला बराचसा उतरतो. पुढची झोप टिकायला शरीराच्या घड्याळाची साथ लागते, आणि तुमचं घड्याळ तेव्हा जागं ठेवायच्या कामाला लागलेलं असतं.

हे घड्याळ जनुकांचं आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशींत क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रथिनं जोडीनं पीरियड व क्रिप्टोक्रोम ही जनुकं चालू करतात. या जनुकांची प्रथिनं काही तास साचतात आणि केंद्रकात शिरून त्याच जोडीला अडवतात. ही साचलेली प्रथिनं मोडली गेली की जोडी मोकळी होते. माणसात हा फेरा सरासरी २४.२ तासांचा असतो. याचं मुख्य ठाणं मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात, सुमारे २०,००० चेतापेशींच्या पुंजक्यात आहे. ही जनुकं फक्त वेळच ठरवतात असं नाही. क्लॉक जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेले उंदीर रोज सुमारे दोन तास कमी झोपतात. बीमॅल-१ नसलेले उंदीर जास्त झोपतात, पण तुकड्या-तुकड्यांनी.

पुंजक्याला वेळ कळते डोळ्यांतून, मुख्यतः निळसर प्रकाशानं. शरीराचं तापमान रोजच्या उठण्याच्या दोनेक तास आधी सर्वात कमी असतं. त्याआधीचा उजेड झोपेची वेळ उशिराकडे ढकलतो, नंतरचा अलीकडे ओढतो. मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणजे सातच्या लख्ख उन्हातून घरी येताना घड्याळ नेमकं नको त्या दिशेला ओढलं जातं.

म्हणून पाळी सुटल्यावर टोपी आणि गडद गॉगल लावा. गाडी चालवताना डुलकी येत असेल तर मात्र गाडीच काढू नका, कंपनीच्या बसनं या. पाळीच्या पूर्वार्धात लख्ख दिव्याखाली बसा. शेवटचा चहा रात्री एकच्या आत, कारण कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवतं आणि पाच तासांनीही त्यातलं निम्मं अंगात उरतं.

खोलीत लोक एक चूक हमखास करतात. कूलर खिडकीत असतो, कडेच्या फटींतून ऊन आत येतं, मग सगळं बंद करून टाकतात. हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही, खोली दमट होते आणि घामानं झोप मोडते. फटी जाड काळ्या कापडानं बंद करा, कूलरच्या जाळ्या मोकळ्या ठेवा आणि समोरची सावलीतली खिडकी पडद्याआड चार बोटं उघडी ठेवा.

घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं, त्यामुळे आठवड्यात ते पूर्ण फिरवायच्या मागे लागू नका. सकाळी चार-पाच तास आणि कामावर जाण्याआधी दीड तास अशी झोप घ्या. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमानं लावायची मागणी सुपरवायझरकडे जरूर करा. २४ तासांहून किंचित लांब घड्याळाला उशिराकडे सरकणं सोपं जातं.

प्रश्न : आजी संध्याकाळी साडेसातला झोपतात, तीनला उठतात. बाबांचंही तरुणपणापासून तसंच. हे आनुवंशिक असेल? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : असू शकतं. वयानं झोप अलीकडे येतेच, त्यामुळे एकट्या आजींवरून काही ठरणार नाही. बाबांचं तरुणपणापासून तसं असणं जास्त बोलकं आहे. २००१ मध्ये अशाच एका कुटुंबात पीरियड-२ प्रथिनातलं ६६२ वं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा, बदललेलं आढळलं. तिथे फॉस्फेट हा रासायनिक गट नीट बसत नव्हता, त्यामुळे घड्याळाचा फेरा आखूड झाला होता आणि झोप सुमारे चार तास अलीकडे आली होती. झोप पुरेशी होत असेल तर हा आजार समजू नका. वेळ पुढे न्यायचीच असेल, तर दिवस मावळेपर्यंत दोघांनाही गच्चीवर बसवा, नंतर खोलीत मोठा दिवा ठेवा आणि पहाटे तीनला उठल्यावर ट्यूबलाइट लावू नका. आजींना मोतीबिंदू असेल तर आधी तो दाखवा. डोळ्यांत उजेडच कमी शिरत असेल तर गच्चीचा फायदा कमी होईल.